दोऱ्याला बांधलेलं मांस

७ ऑगस्ट १८२५. सकाळचे अकरा वाजलेत. उत्तर अमेरिकेतल्या एका लष्करी ठाण्यावर, सर्जनच्या खोलीत तुम्ही भिंतीला टेकून उभे आहात. समोर आडवा झालेला तरुण म्हणजे ॲलेक्सिस सेंट मार्टिन, कातड्यांच्या व्यापारात राबणारा फ्रेंच कॅनेडियन. काल संध्याकाळपासून, सतरा तास, त्याच्या पोटात काही गेलेलं नाही.

त्याच्या डाव्या छातीखाली एक भोक आहे. १८२२ साली मॅकिनॅक बेटावरच्या दुकानात बंदुकीचा बार अगदी जवळून त्याला लागला. डॉ. विल्यम बोमाँट यांनी त्याला वाचवलं, पण जखम भरताना जठराची कड कातडीला जुळली आणि वाट उघडीच राहिली. आतल्या अस्तराची घडी झडपेसारखी तिच्यावर येते. बोटाने सारली की जठर दिसतं. तुम्ही मान वळवता. नंतर पुन्हा बघताच.

बोमाँट आधी थर्मामीटर आत सोडतात. पारा १०० अंश फॅरनहाइटवर थांबतो. मग रबरी नळीने औंसभर रस काढतात. पाण्यासारखा नितळ, जिभेला लावलात तर किंचित खारट आणि चांगलाच आंबट लागेल. उकडलेल्या खारवलेल्या गोमांसाचा जेमतेम बारा ग्रॅमचा तुकडा ते या रसात टाकतात, कुपीला बूच लावतात आणि ती तेवढ्याच उष्णतेच्या पाण्यात ठेवतात. तसाच दुसरा तुकडा दोऱ्याला बांधून थेट ॲलेक्सिसच्या पोटात सोडतात.

आता वाट बघायची. चाळीस मिनिटांत कुपीतल्या तुकड्याचा पृष्ठभाग विरू लागतो. रस गढूळ होतो, पुढे ताकाच्या निवळीसारखा दिसतो. बारा वाजता दोरा ओढून पाहतात: आतला तुकडाही साधारण तितकाच विरघळलेला. एक वाजता मात्र दोरा मोकळाच बाहेर येतो. कुपीत त्या वेळी मांसाचे धागे सुटे होऊन तरंगताहेत, इतकंच.

तुम्ही दोनशे वर्षं पुढून आलात, म्हणून बोमाँटना न दिसणारी गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे. आम्ल एकटं मांस पचवत नाही. ते स्नायूंचे धागे बांधून ठेवणारं कोलॅजेन फुगवून सैल करतं, प्रथिनांच्या घट्ट गुंडाळ्या उलगडतं आणि निद्रिस्त पेप्सिनोजेनचं पेप्सिन करतं. खरी कातरी पेप्सिन या एन्झाइमची. पण आम्ल उतरलं की तीही बोथट होते. (जेवणानंतर ॲसिडिटीची गोळी चघळणाऱ्यांनी घाबरू नये. उरलेलं काम लहान आतड्यात स्वादुपिंडाचे रस करतात. जठर काढलेली माणसंही मांस पचवतात.) कुपीत रस होता तेवढाच, आणि ती स्थिर. जठर मात्र नवा रस ओतत राहतं, घुसळतं आणि पातळ झालेलं पुढे ढकलतं.

जठराच्या रसात हायड्रोक्लोरिक आम्ल असतं हे लंडनच्या विल्यम प्राउट यांनी आदल्याच वर्षी दाखवलंय. पेप्सिन सापडायला थिओडोर श्वान यांचं १८३६ साल उजाडेल. बोमाँट मात्र घड्याळ बघतात आणि लिहितात. तीन वाजता धागे निम्मे. पाच वाजता थोडेच. रात्री नऊ वाजता कुपीत मांस असं काही उरलेलं नसतं.

तुम्हाला या माणसाचं कौतुक वाटतं, आणि रागही येतो. सहाच दिवसांपूर्वी त्यांनी रेशमी दोऱ्याला सहा पदार्थ बांधून ॲलेक्सिसच्या पोटात सोडले होते. कोबी, पाव, उकडलेलं गोमांस दोन तासांत गेलं. कच्चं खारवलेलं गोमांस जवळजवळ जसंच्या तसं राहिलं. त्या प्रयोगात ॲलेक्सिसच्या पोटाला त्रास झाला, हेही बोमाँटनी प्रामाणिकपणे टिपलंय. प्रयोग होत नसतील तेव्हा हाच तरुण त्यांच्या घरची कामं करतो.

थोड्याच दिवसांत तो न सांगता कॅनडात निघून जाईल, लग्न करेल. चार वर्षांनी बायकोमुलांना घेऊन परत येईल, आणि बोमाँट पुन्हा दोरा काढतील.