हातोडा पडल्यानंतर

मे २०२३च्या अखेरीस ब्रिटिश सरकारने एक छोटे पत्रक काढले. एक बंदूक देशाबाहेर नेण्याचा परवाना कलामंत्री लॉर्ड पार्किन्सन यांनी तूर्त रोखून धरला होता. बंदुकीचे वर्णन मोजक्या शब्दांत होते: म्हैसूरच्या टिपू सुलतानासाठी घडवलेली शिकारीची चकमकी बंदूक, १४ बोअर, लांबी १३८ सेंटिमीटर, चांदीची मढवणी, घडणीचे साल १७९३-९४, सही असद खान मुहम्मद या कारागिराची, किंमत २० लाख पौंड. जनरल अर्ल कॉर्नवॉलिस यांना ती नजर झाली असे मानले जाते, अशीही नोंद होती. कोणा ब्रिटिश संस्थेला ती ठेवून घ्यायची असेल तर तिने रक्कम उभी करावी, त्यासाठी २५ सप्टेंबर २०२३पर्यंत मुदत दिली होती.

जुन्या शस्त्रांच्या मागे फिरणाऱ्याची नजर आधी त्या मुदतीवर जाते. लिलावात हातोडा पडला की वस्तू दुसऱ्याची होते आणि आपल्याकडे चुटपुट उरते: आणखी एक बोली लावली असती तर? इथे मात्र एक सरकार हुकणाऱ्या खरेदीसाठी चार महिने थांबायला तयार होते. हा धीर कशाच्या जोरावर धरता येतो, ते समजायला पत्रकातली प्रत्येक ओळ तपासून घ्यावी लागते.

आधी १४ बोअर. एक पौंड शिशाच्या सारख्या १४ गोळ्या पाडल्या, तर त्यातली एक गोळी ज्या नळीत बसेल ती १४ बोअरची. हे माप नळीतच असते. दस्ता बदलला, चांदी उखडली, मालक बदलले, तरी माप ओळख देते. मग घडणीचे साल. टिपूने हिजरीऐवजी स्वतःची मौलूदी कालगणना चालवली होती आणि तिचे आकडे त्याच्या नाण्यांवर उजवीकडून डावीकडे लिहिलेले आढळतात. मौलूदी १२२२ म्हणजे १७९३-९४, आपल्याकडचा शके १७१५. हा आकडा सवयीने डावीकडून वाचणारा चुकतो आणि चुकलेल्या वाचनावर बोली लावतो.

याच सालावर कॉर्नवॉलिसची नोंद घासून पाहता येते. कॉर्नवॉलिसची टिपूवरची मोहीम संपवणारा श्रीरंगपट्टणचा तह मार्च १७९२ मधला. त्या मोहिमेत हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या मराठी फौजा कॉर्नवॉलिसच्या बाजूने होत्या. पण तह झाला तेव्हा ही बंदूक घडलेलीच नव्हती, तेव्हा ती त्या मोहिमेतली लूट असू शकत नाही. ऑक्टोबर १७९३ मध्ये कॉर्नवॉलिस हिंदुस्थान सोडून गेला. ४ मे १७९९ रोजी श्रीरंगपट्टण पडले आणि टिपू लढता लढता मारला गेला, त्या दिवशी कॉर्नवॉलिस आयर्लंडमध्ये लॉर्ड लेफ्टनंट होता. म्हणजे बंदूक त्याच्यापर्यंत पोहोचली असेल तर दुसऱ्या कोणाच्या हाताने, त्याच्या हिंदुस्थानातल्या पहिल्या मुक्कामाच्या अगदी शेवटी किंवा त्यानंतर. पत्रकातले ‘मानले जाते’ हे शब्द म्हणूनच मोलाचे आहेत. नोंद लिहिणाऱ्याने पुराव्यापुढे पाऊल टाकलेले नाही.

१७९९च्या विजयानंतर टिपूच्या मालमत्तेची मोजदाद झाली. लुटीच्या वाटपासाठी समिती नेमली गेली, हुद्द्याप्रमाणे हिस्से ठरले, पुष्कळ वस्तू लिलावाने विकल्या गेल्या. काही राजघराण्यासाठी विलायतेला गेल्या आणि आज विंडसरला आहेत. बाकीच्या अधिकाऱ्यांच्या सामानातून त्यांच्या गावी पोहोचल्या. वाघाच्या अंगावरचे पट्टे टिपूचे चिन्ह होते. ती बाबरी नक्षी आणि वाघमुखाचे काम यांवरून त्या आजही ओळखू येतात. मात्र ज्याने पेटी उघडली त्याला ती खूण ठाऊक असली पाहिजे.

अशा वस्तू पिढ्यान्‌पिढ्या घरात पडून राहतात आणि वाटण्या, कर्ज किंवा मृत्यू यांपैकी काही घडले की पुन्हा बाजारात येतात. २१ एप्रिल २०१५ रोजी लंडनच्या बोनहॅम्समध्ये टिपूच्या ३० वस्तूंना मिळून ६० लाख पौंडांहून जास्त किंमत आली. त्यांत चांदीने मढवलेली, दोन बारांची एक शिकारी बंदूक होती. एकाच नळीत दोन बार एकापुढे एक भरायचे, आधी पुढचा उडवायचा आणि मग मागचा, अशी तिची योजना. ती ७,२२,५०० पौंडांना गेली. मार्च २०१९ मध्ये बर्कशरमधल्या एका कुटुंबाच्या माळ्यावरून आलेली २० बोअरची बंदूक संगिनीसह ६०,००० पौंडांना विकली गेली. ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यातला मेजर टॉमस हार्ट हा त्या वस्तूंचा मूळ धनी. बंदुकीवर लढाईतल्या आघाताच्या खुणा तशाच होत्या.

या आकड्यांतून हळहळीचा हिशेब नीट मांडता येतो. २०१५ साली दोन बारांच्या बंदुकीसमोर ज्याने हात आखडला, त्याला आठ वर्षांनी टिपूच्याच शिकारी बंदुकीसाठी २० लाख पौंडांचा आकडा वाचावा लागला. त्याची चुटपुट खरी आहे. पण त्याच बाजारात, त्या दोन तारखांच्या मधे, ६०,००० पौंडांची बंदूकही येऊन गेली. हुकलेल्या एका वस्तूकडे डोळे लावून बसलेल्याला ती दिसली नसेल. धीर धरणाऱ्याने निदान तिची चौकशी केली असेल. नुसते थांबणे म्हणजे धीर नव्हे. थांबलेल्या काळात बोअर, सही, साल, मालकी आणि जुन्या लिलावांच्या किमती टिपत राहणे हा त्यातला कामाचा भाग.

ब्रिटनने हे काम एका माणसाच्या चिकाटीवर सोडले नाही. १९५२ साली वेव्हर्ली समितीने तीन कसोट्या घालून दिल्या: वस्तू देशाच्या इतिहासाशी घट्ट जोडलेली आहे का, तिचे सौंदर्यमूल्य असाधारण आहे का, आणि अभ्यासासाठी ती विशेष महत्त्वाची आहे का. एका कसोटीला उतरली तरी परवाना लांबणीवर टाकता येतो. त्या मुदतीत बाजारभाव देणारा पुढे आला नाही, तर वस्तू जाते. म्हणजे तिथेही धीराला तारीख आहे आणि पैशाची तयारी हवी आहे. मला या व्यवस्थेत एक वेदनाही दिसते. आपल्या कारागिराची सही असलेली बंदूक दुसऱ्या देशाने आपला वारसा म्हणून अडवावी आणि त्या वाटाघाटीत तिच्या जन्मभूमीला जागा नसावी! आपला १९७२चा पुरावस्तू कायदा शंभर वर्षांहून जुनी वस्तू बाहेर जाऊ देत नाही. जी त्याच्या कितीतरी आधी गेली, तिच्यापर्यंत त्याचा हात पोहोचत नाही. तिथे उरतो तो लिलावाचा दरवाजा.

तो दरवाजा वेळेवर ठोठावला तर काय होते, हे महाराष्ट्राने नुकतेच पाहिले आहे. २९ एप्रिल २०२५ रोजी लंडनच्या सदबीजमध्ये नागपूरकर रघुजी भोसले यांची तलवार विक्रीला आली. बातमी लिलावाच्या तोंडावरच कळली होती. राज्य शासनाने मध्यस्थामार्फत बोली लावली, ४७.१५ लाख रुपये खर्च केले आणि १८ ऑगस्टला तलवार मुंबईत पोहोचली. इतक्या थोड्या अवधीत निर्णय घेता आला, कारण पाते युरोपीय असले तरी त्यावर देवनागरीत रघुजींचे नाव आणि ‘सेनासाहेब सुभा’ हे पद कोरलेले होते. ओळख पटवायला वेळ लागला नाही.

असद खान मुहम्मदची सहीही अशीच वाचता येते. तिचा फोटो, नळीचे माप, मौलूदी साल आणि २०२३चे पत्रक एका फाइलीत लावून ठेवायला २० लाख पौंड लागत नाहीत. ती फाइल आपल्या एखाद्या संग्रहालयात असावी, असे मला मनापासून वाटते. तसल्या बंदुका अजूनही कोणाच्या तरी माळ्यावर असू शकतात. पुढची पेटी उघडेल तेव्हा पैशाच्या आधी ती फाइल उघडावी लागेल.