सी भाषेतील ‘हरवलेली’ फंक्शन्स

टर्बो सीवर विनातक्रार चालणारा प्रोग्राम लिनक्सवर नेताच अडतो, हा अनुभव विदर्भातील विद्यार्थ्यांना नवा नाही. नागपूरचे यशवंत कानेटकर यांच्या ‘लेट अस सी’वर येथील पिढ्या सी शिकल्या. नागपूर असो वा मूलसारखे तालुक्याचे गाव, अभ्यासक्रमात बोरलँड कंपनीचा १९८७ साली आलेला टर्बो सी दीर्घकाळ टिकून राहिला. त्यामुळे ‘क्लिअरस्क्रीन’चे ‘सीएलआरएससीआर’ व कळ दाबण्याची वाट पाहणारे ‘गेटसीएच’ ही सी भाषेचीच अंगे आहेत, असा समज रूढ झाला. तो चुकीचा आहे. १९८९ च्या प्रमाणित सीमध्ये यांपैकी एकही नाही. ‘कोनिओ’ हेडर व त्यातील फंक्शन्स ही डॉसवरील कंपायलरांची देणगी होय.

दोष नेमका कोठे आहे, हे संदेशावरून कळते. हेडर सापडत नसेल, तर कंपायलर पहिल्याच ओळींत थांबतो. हेडर काढून टाकले, तर फंक्शनची घोषणा नसल्याची तक्रार येते. जुना जीसीसी केवळ इशारा देई. २०२४ च्या जीसीसी १४ पासून ती चूकच मानली जाते. ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ हा संदेश मात्र लिंकरचा असतो: घोषणा असो वा नसो, फंक्शनचा प्रत्यक्ष कोड त्याला मिळालेला नाही. वर्गमूळ काढणाऱ्या ‘एसक्यूआरटी’बाबत हे हमखास घडते. ते प्रमाणित आहे, पण लिनक्सवर गणिताच्या वेगळ्या लायब्ररीत राहते. आज्ञेत ‘-एलएम’ जोडावे, तेही सोर्स फाइलच्या नावानंतर; आधी लिहिल्यास पुष्कळदा उपयोग होत नाही.

‘आयटीओए’ऐवजी १९९९ च्या प्रमाणातील ‘एसएनप्रिंटएफ’ वापरावे. ‘एसटीआररेव्ह’ चार ओळींत स्वतः लिहिता येते. मात्र त्याला तेच नाव देऊ नये, कारण ‘एसटीआर’ने सुरू होणारी नावे प्रमाणाने राखून ठेवली आहेत. ‘गेटसीएच’साठी लिनक्सवर एनकर्सेस आहे, पण त्यात आधी पडदा सुरू करावा लागतो, केवळ हेडर बदलून भागत नाही.

मोठ्या प्रकल्पांत ऑटोकॉन्फसारखे साधन लहानसा चाचणी-प्रोग्राम लिंक करून पाहते आणि फंक्शन नसेल तेथे पर्यायी फाइल जोडते. ‘एसटीआरएलसीपीवाय’ हे याचे ठळक उदाहरण. ओपनबीएसडीत ते १९९८ साली आले, लिनक्सच्या ग्लिबसीत २०२३ साली. मधल्या पंचवीस वर्षांत अनेक प्रकल्पांनी त्याची स्वतःची प्रत बाळगली.