सर्व्हर मधूनच का बसतो?

शनिवारी गावी होतो, वरवे बुद्रुकला. पुण्याहून साताऱ्याच्या रस्त्याला लागलं की खेड शिवापूरचा टोलनाका येतो, तो ओलांडला की थोड्याच वेळात आमचं गाव. ओट्यावर चहा घेत बसलो होतो, तेवढ्यात शेजारचे काका आले. त्यांना कुठलासा ऑनलाइन अर्ज भरायचा होता.

"काय रे, तू कॉम्प्युटरातला ना? मग सांग, हे सकाळी फटाफट चालतं आणि दुपारी नुसतं गोल गोल फिरत बसतं. बिघडलंय तर बिघडलंय म्हणा की सरळ!"

काकांनी नेमकं दुखणं सांगितलं बघा. पूर्ण बंद पडलेला सर्व्हर परवडतो. मधूनच बसणारा म्हणजे दवाखान्याच्या दारात ताप उतरणारं पोर. डॉक्टरला दाखवणार काय?

हे दुखणं कॉम्प्युटरपेक्षा जुनं आहे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत एरलांग नावाचा एक गणिती नोकरीला होता. किती लाइनी ठेवल्या म्हणजे गिऱ्हाइकाला फार ताटकळावं लागणार नाही, हा त्याच्यापुढचा रोकडा प्रश्न. १९०९ साली त्याने फोन कसे अवचित येतात याचं गणित मांडलं आणि १९१७ साली थांबण्याची सूत्रं दिली. रांगशास्त्राची सुरुवात ही अशी, टेलिफोनच्या धंद्यातून.

काकांना मी टोलनाक्याचं उदाहरण दिलं. समजा एकच बूथ आहे. गाड्या आपल्या मर्जीने येतात, प्रत्येकीला लागणारा वेळही कमीजास्त. बूथ निम्मा वेळ गुंतलेला असेल तर सरासरी एका गाडीच्या कामाइतकं थांबावं लागतं. ८० टक्के गुंतला तर चार गाड्यांइतकं, ९० टक्क्यांना नऊ, ९५ टक्क्यांना एकोणीस! म्हणजे ९० वरून ९५ वर जाताना बूथवरचं काम किंचितच वाढतं, रांग मात्र दुपटीहून लांब. काकांची सकाळ आणि दुपार यात एवढाच फरक असू शकतो. बिघाड काहीच नाही.

फेब्रुवारी २०२१ मध्ये फास्टॅग सक्तीचा झाला तेव्हा दर गाडीमागचा वेळ कमी झाला. पण एखाद्याच्या टॅगमध्ये पैसे नसले आणि तो हुज्जत घालत बसला, की मागचे सगळे अडकले. आमच्याकडे हेच काम एखादी लांबलेली क्वेरी करते.

पुढे १९६१ साली जॉन लिटल यांनी एका साध्या नियमाची सिद्धता दिली. सेकंदाला ५० विनंत्या येतात आणि प्रत्येक २ सेकंद आत राहते, तर कुठल्याही क्षणी सरासरी १०० आत असणार. टॉमकॅटमध्ये काही बदललं नाही तर २०० थ्रेड असतात. उत्तराचा वेळ २ वरून ४ सेकंदांवर गेला की सगळे संपले, पुढचा माणूस दाराबाहेर. (तोंडी हिशेब आहे, पण मीटिंगमध्ये कोणी करत नाही.)

२०२५ मध्ये अकरावी प्रवेश पहिल्यांदाच राज्यभर ऑनलाइन झाले. २१ मे रोजी नोंदणी उघडली, त्याच दिवशी संकेतस्थळ अडखळलं आणि नोंदणी २६ मेपासून घ्यावी लागली. ते निदान सगळ्यांना एकदम दिसलं तरी. मला छळलं ते न दिसणाऱ्याने.

त्याची कुळकथा जॉन मॅकार्थींपर्यंत जाते. त्यांनी लिस्प भाषा केली आणि वापरून झालेली मेमरी आपोआप गोळा करण्याची युक्तीही, म्हणजे गार्बेज कलेक्शन. एमआयटीत पाहुण्यांसमोर लिस्पचं प्रात्यक्षिक चालू होतं. मध्येच मेमरी संपली, आणि सेकंदाला दहा अक्षरं या गतीने यंत्र टंकू लागलं, की कचरावाल्याला बोलावलंय, त्याची आकडेवारी अशी. थांबेचना! प्रेक्षक हसून लोटपोट. मॅकार्थींनीच हा किस्सा पुढे लिहून ठेवलाय.

आमच्याकडे कोणी हसलं नाही. २००८ सालची गोष्ट. एका कंपनीत आमचं जावाचं अॅप्लिकेशन मधूनच दहा-अकरा सेकंद गप्प व्हायचं आणि मग काही झालंच नाही असं चालू. आमच्या लॉगमध्ये स्वच्छ दिसायचं, डेटाबेसकडून उत्तर यायला ११ सेकंद. झालं! डेटाबेस सांभाळणाऱ्या पोरावर सगळे तुटून पडले. तो बिचारा म्हणत होता की माझ्या लॉगमध्ये २० मिलिसेकंदच दिसतात. दोन आठवड्यांनी त्याला प्रोजेक्टवरून काढलं. काढा म्हणणाऱ्यांत मीही होतो.

तो गेला, त्रास राहिला. मग एका रात्री मी वेळा कागदावर लिहून काढल्या. १०.१७, ११.१७, १२.१७... आदल्या दिवशी ९.४२, १०.४२. दर तासाला, पण घड्याळाच्या तासाला नाही. सर्व्हर चालू केल्यापासूनच्या तासाला! आमच्यात आरएमआय वापरलेलं होतं आणि ते ठराविक वेळाने स्वतःहून पूर्ण गार्बेज कलेक्शन करायला लावतं. जावा ५ पर्यंत दर मिनिटाला, जावा ६ पासून दर तासाला. आम्ही नुकतेच ६ वर आलो होतो. मेमरी चार जीबी, आणि गोळा करताना सगळे थ्रेड थांबलेले. डेटाबेसचं उत्तर २० मिलिसेकंदांत दारात येऊन उभं होतं, घ्यायलाच कोणी जागं नव्हतं. आणि वेळ मोजणारा कोडही त्याच झोपलेल्या थ्रेडमध्ये, म्हणून ११ सेकंद डेटाबेसच्या नावावर. सेटिंगची एक ओळ बदलली, दुखणं संपलं.

त्या पोराला मी मेल केला, आलेखासकट, आणि माफी मागितली. दोन दिवसांनी एका ओळीचं उत्तर आलं: "जीसीचा लॉग चालू करा, असं मी पहिल्याच मीटिंगमध्ये म्हटलं होतं."

मीटिंगचं टिपण काढून पाहिलं. म्हटलं होतं त्याने.

असो. काकांना इतकं सगळं सांगितलं नाही. पहाटे सहाला अर्ज भरून बघा म्हटलं. "त्या वेळी गाईची धार काढायची असते," म्हणाले, आणि उरलेला चहा संपवून गेले.