दिनविशेष : १७ मार्च
पॅटी बॉइड (जन्म १९४४)

इंग्लंडातील सॉमरसेट परगण्यात टाँटन येथे आजच्या दिवशी जन्मलेल्या पॅटी बॉइड यांनी १९६२ साली लंडनमध्ये रूपदर्शिकेचा पेशा पत्करला. पुढे बीटल्सच्या पहिल्या चित्रपटात शाळकरी मुलीची किरकोळ भूमिका करताना त्यांची त्या वाद्यवृंदातील जॉर्ज हॅरिसन यांच्याशी गाठ पडली आणि १९६६ च्या जानेवारीत उभयतां विवाहबद्ध झाले. त्याच वर्षी सप्टेंबरात हॅरिसन रविशंकरांकडे सतारीची तालीम घेण्यास मुंबईत आले, तेव्हा ताजमहाल हॉटेलातील मुक्कामी त्याही सोबत होत्या. फारसी कवी निजामीच्या नायिकेचे नाव घेऊन १९७० मध्ये ‘लैला’ हे गीत ज्यांनी त्यांच्यासाठी रचले, त्या एरिक क्लॅप्टन यांच्याशी त्यांनी १९७९ मध्ये दुसरा विवाह केला. तोही टिकला नाही. इतरांच्या गीतांची स्फूर्तिदेवता म्हणूनच त्यांची कीर्ती झाली खरी, परंतु त्यांची स्वकष्टार्जित मिळकत म्हणजे त्यांनी स्वतः टिपलेली त्या मंडळींची छायाचित्रे. ती २००५ साली सॅन फ्रान्सिस्को येथे प्रदर्शित झाली.