हप्त्याची शिस्त आणि कादंबरीकाराचा धीर

मराठी कादंबरीच्या इतिहासात कृती, प्रवृत्ती आणि कालखंड यांचा विचार पुष्कळ झाला. कादंबरी पूर्ण कशी होते, याचा विचार मात्र त्या मानाने थोडा झाला. कविता एका बैठकीत सिद्ध होऊ शकते, कथा काही दिवसांत. कादंबरीला बहुधा महिने, कधी वर्षे लागतात, आणि प्रारंभीची ऊर्मी इतका काळ टिकत नाही. ती ओसरल्यावर लेखकाला पुढच्या प्रकरणाकडे कोण नेते? या प्रश्नाचे उत्तर सामान्यतः ‘प्रतिभा’ किंवा ‘चिकाटी’ अशा व्यक्तिगत गुणांत शोधले जाते. हरि नारायण आपटे यांचे उदाहरण पाहता हे उत्तर अपुरे ठरते.

‘मधली स्थिति’ ही आपट्यांची पहिली कादंबरी १८८५ मध्ये ‘पुणे वैभव’मधून क्रमशः येऊ लागली, तेव्हा ते एकवीस वर्षांचे होते. पुढे १८९० मध्ये त्यांनी ‘करमणूक’ हे साप्ताहिक सुरू केले आणि १९१७ पर्यंत चालवले. ‘पण लक्षात कोण घेतो!’, ‘मी’, ‘उषःकाल’ या कादंबऱ्या त्याच साप्ताहिकातून वाचकांपुढे आल्या. या काळात आपटे केवळ लेखक नव्हते. आनंदाश्रमाचा व्याप त्यांच्याकडे होता, पुण्याच्या सार्वजनिक जीवनात ते वावरत होते, आणि पुढे नगरपालिकेचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे आले. अशा माणसाने निवांतपणाची वाट पाहिली असती, तर एवढे लेखन त्याच्या हातून होणे कठीण होते. अंक ठरलेल्या वारी निघायचा, म्हणून मजकूर हवा होता. विशेष हे की, ही बाहेरची सक्ती दुसऱ्या कोणी त्यांच्यावर लादलेली नव्हती. संपादक या नात्याने त्यांनीच ती उभी केली आणि लेखक या नात्याने तेच तिला बांधले गेले.

या व्यवस्थेचे दोन घटक वेगळे काढता येतात. पहिला घटक म्हणजे कामाचे लहान माप. आपट्यांना संपूर्ण कादंबरी एकदम पेलायची नव्हती. त्यांच्यासमोर एका अंकापुरता मजकूर होता. दुसरा घटक म्हणजे वाट पाहणारा वाचक. हस्तलिखित पुरे होईपर्यंत लेखक एरवी एकटा असतो; येथे मात्र कादंबरी अर्धी असतानाच तिला वाचक लाभलेला होता. ‘पण लक्षात कोण घेतो!’मधील यमूचे आत्मनिवेदन या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. आठवणींचा एकेक पदर उलगडत जाणारे, मध्येच थांबून वाचकाला विश्वासात घेणारे हे निवेदन हप्त्याहप्त्याच्या लेखनाला सहज मानवते. लेखनाची सोय आणि आशयाची गरज तेथे एकमेकींना पूरक ठरल्या.

अर्थात या सोयीची किंमतही होती. आपट्यांच्या कादंबऱ्यांतील पाल्हाळ, शिथिल बांधणी आणि लांबत जाणारे संवाद हे दोष समीक्षेने वारंवार दाखवले आहेत. छापून गेलेले प्रकरण मागे घेऊन पुन्हा घडवण्याची मुभा क्रमशः लिहिणाऱ्याला नसते. शिवाय त्यांच्या काही कादंबऱ्या अपूर्णच राहिल्या. ‘कर्मयोग’ ही त्यांतली एक. तेव्हा हप्त्याची शिस्त लेखन चालू ठेवते. ते पूर्णत्वाला नेईलच, अशी हमी ती देत नाही. तरीही आपट्यांच्या विपुलतेचे कौतुक आणि त्यांच्या पाल्हाळाचा निषेध ही दोन स्वतंत्र विधाने म्हणून करणे योग्य नव्हे. दोहोंचे मूळ एकाच लेखनपरिस्थितीत आहे.

याच्या अगदी उलट भासणारे उदाहरण साने गुरुजींचे. ‘श्यामची आई’ त्यांनी नाशिकच्या तुरुंगात ९ ते १३ फेब्रुवारी १९३३ या पाच दिवसांत लिहिली. येथे ना साप्ताहिक होते, ना छापखान्याचा तगादा. वरवर पाहता हा निव्वळ ऊर्मीचा विजय वाटतो. परंतु पुस्तकाची रचना पाहिली की वेगळे काही ध्यानात येते. श्याम आश्रमातील मित्रांना रोज रात्री एक आठवण सांगतो. अशा बेचाळीस रात्री आहेत. म्हणजे लहान माप आणि वाट पाहणारा श्रोता हे दोन्ही घटक येथेही हजर आहेत. आपट्यांना ते नियतकालिकाने पुरवले. साने गुरुजींनी ते संहितेच्या आतच निर्माण केले.

हे दोन्ही आधार मागे पडले, की कादंबरीचा काळ किती ताणला जाऊ शकतो, हे भालचंद्र नेमाडे यांच्या लेखनक्रमावरून दिसते. ‘कोसला’ १९६३ मध्ये, लेखकाच्या ऐन पंचविशीत आली. ‘बिढार’, ‘जरीला’ आणि ‘झूल’ १९७५ ते १९७९ या काळात आल्या. ‘हिंदू’ मात्र २०१० मध्ये, म्हणजे ‘झूल’नंतर एकतीस वर्षांनी. या अवधीत वाचक वाट पाहत होता. पण त्याच्या वाट पाहण्याला तारीख नव्हती. अशा प्रदीर्घ अवधीतून व्यापक कृती जन्माला येऊ शकते, हे खरे. परंतु तो अवधी सोसायला आधीच सिद्ध झालेले लेखकपण लागते. पहिलीच कादंबरी हाती घेतलेल्याजवळ ते नसते.

म्हणूनच अर्ध्यावर थांबलेले हस्तलिखित पाहून नवा लेखक ‘आपल्यात प्रतिभाच नाही’ असा जो निष्कर्ष काढतो, तो घाईचा असतो. प्रत्येक मोठ्या लेखकाचा उत्साह अखेरपर्यंत अभंग होता, असे इतिहास सांगत नाही. उत्साह मावळल्यावरही ज्यांच्यापुढे आजच्यापुरते लिहायचे काही होते, आणि ते ऐकणारा कोणी होता, त्यांची लेखणी पुढे सरकली. हा आधार कधी समाजाने पुरवला, कधी लेखकाने स्वतः रचला. तो कशाचा रचावा, हे ज्याचे त्याने ठरवायचे. तो रचावा लागतो, एवढे मात्र मराठी कादंबरीच्या इतिहासाने दाखवून दिले आहे.