वार्धक्यातील मेंदू व आनुवंशिकता : एका प्रश्नाचा इतिहास

१९३२ च्या जून महिन्याच्या पहिल्या तारखेस स्कॉटलंडमधील शाळांतून, १९२१ साली जन्मलेल्या ८७,४९८ मुलांची बुद्धिमापन चाचणी घेण्यात आली. १९४७ साली, १९३६ मध्ये जन्मलेल्या मुलांचीही अशीच चाचणी झाली. ह्या चाचण्यांचे गुण पुढे जनुकशास्त्राच्या कामी येतील, ही कल्पना परीक्षकांना असणे शक्य नव्हते. तथापि निरोगी वार्धक्यात मेंदूच्या रचनेवर आनुवंशिक भेदांचा प्रभाव कसा पडतो, ह्या प्रश्नाच्या इतिहासात त्या जुन्या नोंदींचे स्थान कोणत्याही यंत्राहून कमी मानता येणार नाही.

प्रश्नाची मूळ अडचण अशी की, वृद्धाच्या मेंदूचा एखादा भाग लहान आढळला तर तो जन्मतःच लहान होता की वयोमानाने झिजला, हे एका मोजमापावरून सांगता येत नाही. एकोणिसाव्या शतकात ब्रोका मृतांच्या मेंदूंचे वजन करीत असे. तेथे तर दुसऱ्या मोजमापाची सोयच नव्हती. १९८० नंतर एमआरआयचा प्रसार झाला आणि जिवंत माणसाचा मेंदू पुनःपुन्हा मोजता येऊ लागला. २००१ साली पॉल टॉम्पसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी फिनलंडमधील जुळ्यांचे मेंदू तपासले, तेव्हा एकबीज जुळ्यांच्या ललाटखंडातील व भाषेशी संबद्ध भागांतील करड्या द्रव्यात विलक्षण साम्य दिसून आले. आनुवंशिकतेचा हात सिद्ध झाला. जनुक मात्र कोणते, ते कळले नाही.

एक जनुक तोपर्यंत ठाऊक झाले होते. १९९३ साली ड्यूक विद्यापीठातील संशोधकांनी अपोई ह्या जनुकाच्या चौथ्या प्रकाराचा उतारवयातील अल्झायमर रोगाशी संबंध दाखविला. निरोगी वृद्धांतही त्याचा प्रभाव शोधण्यात आला, पण हिप्पोकॅम्पसच्या आकारमानाविषयीचे निष्कर्ष परस्परविरोधी निघाले. ह्याचे एक कारण उघड आहे. अल्झायमरची विकृती लक्षणे दिसण्यापूर्वी कित्येक वर्षे मेंदूत सुरू झालेली असते. तेव्हा ‘निरोगी’ म्हणून निवडलेल्यांत कितीजण खरोखर निरोगी, हा संशय उरतोच.

येथे स्कॉटलंडच्या नोंदी उपयोगी पडल्या. १९३२ च्या परीक्षार्थींपैकी जे स्मृतिभ्रंशाविना ऐंशीच्या घरात पोहोचले होते, त्यांची इयन डीअरी व सहकाऱ्यांनी पुन्हा चाचणी घेतली. २००२ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा : अपोईचा चौथा प्रकार धारण करणाऱ्यांचे अकराव्या वर्षीचे गुण इतरांहून वेगळे नव्हते, ऐंशीच्या सुमारास मात्र ते कमी पडले. प्रभाव मूळ घडणीवर नसून बदलावर होता. हे मोजमाप बुद्धीचे होते, मेंदूचे नव्हे. पण युक्तिवादाची दिशा त्याने ठरविली.

ह्यानंतरचे दशक फारसे गौरवास्पद नाही. बीडीएनएफ जनुकातील एका भेदामुळे हिप्पोकॅम्पस लहान राहतो, असे २००४ साली एका लहानशा नमुन्यावरून प्रतिपादन झाले. मोठ्या नमुन्यांत तो परिणाम जवळजवळ विरून गेला. उतावळेपणाची किंमत अनेक प्रयोगशाळांनी मोजली. २००९ मध्ये स्थापन झालेल्या एनिग्मा ह्या संघाने देशोदेशीची मोजमापे एकत्र केली. २०१५ चा अभ्यास ३०,७१७ व्यक्तींचा होता, २०२० चा पन्नास हजारांहून अधिकांचा. निश्चित जनुकस्थाने सापडली. परंतु प्रत्येकाचा वाटा अत्यल्प निघाला.

तरीही हे सारे आकारमानाचेच शास्त्र होते, झिजेचे नव्हे. झिजेकडे ह्याच संघाचा २०२२ चा अभ्यास वळला. एकाहून अधिक वेळा मेंदू मोजलेल्या १५,६४० व्यक्ती त्यात होत्या. सर्वच वृद्ध वा निरोगी होत्या असे नव्हे. बदलाच्या वेगाशी निगडित जनुकांचा आकारमान ठरविणाऱ्या जनुकांशी फारसा मेळ आढळला नाही. बदलाशी संबंध आढळलेल्या थोड्या जनुकांत अपोई पुन्हा होतेच. मात्र ही सामग्री बहुतांशी युरोपीय वंशाच्या लोकांची आहे. भारतीय वृद्धांच्या मेंदूविषयी तिच्यावरून अनुमान काढणे तूर्त धाडसाचे ठरेल.