ठाण्याचा ताम्रपट आणि रोमच्या बारा पाट्या

इ. स. १७८७ मध्यें ठाण्याच्या किल्ल्यांत पाया खणतांना शिलाहार राजा अरिकेसरी याचा ताम्रपट सांपडला. त्याचा काल शके ९३९, म्हणजे इ. स. १०१७. आमच्या कोपरीहून रूळ ओलांडून थोडें चाललें कीं तो किल्ला लागतो. रोमचा आरंभींचा इतिहास शिकवितांना आम्हांस या ताम्रपटाची वारंवार आठवण होते. कारण सत्तेला बंधन कसें घालावें, हा प्रश्न दोहोंकडे एकच आहे.

शिलाहार प्रथम राष्ट्रकूटांचे मांडलिक होते. कान्हेरीच्या शके ७७५ च्या लेखांत दुसरा कपर्दी हा अमोघवर्षाचा अंकित म्हणून येतो. पुढें इ. स. ९७३ च्या सुमारास तैलपानें राष्ट्रकूटांची सत्ता उलथून पाडली. अपराजिताच्या भादाणें येथील इ. स. ९९७ च्या ताम्रपटांत त्या नाशाबद्दल शोक केला आहे. धनी गेला, आणि चौदाशें गांवांचें कोकण ठाण्याच्या या घराण्याकडे जवळजवळ स्वतंत्रपणें राहिलें.

हा कारभार अव्यवस्थित नव्हता. दानपत्रांत महामात्य, सांधिविग्रहिक यांचीं नांवें येतात. राष्ट्रपति, विषयपति, नगरपति, ग्रामपति यांस आणि नगरांतील पौरजनांसहि दान विदित केलें जातें. राजाचें दान गुप्त राहूं नये, ही दृष्टि निःसंशय थोर होय.

परंतु दिलेला शब्द पुढच्या राजानें मोडला तर? त्यावर ताम्रपटाचें उत्तर एकच: मोडणारा नरकांत पडेल! पौरजनांस ऐकण्याचा मान होता, अडविण्याचा अधिकार नव्हता. शिवाय पत्रा राही तो दान घेणाऱ्याच्या घरीं.

रोममध्येंहि आरंभीं राजेच होते. परंपरेप्रमाणें इ. स. पूर्वी ५०९ मध्यें त्यांस हांकून त्यांच्या जागीं दरसाल दोन कॉन्सल निवडले गेले. तरी सत्ता कुलीन पॅट्रिशियनांचीच होती. इ. स. पूर्वी ४९४ मध्यें प्लीबियन जन शहर सोडून टेकडीवर जाऊन बसले, तेव्हां त्यांना ट्रिब्यून मिळाले. अधिकाऱ्याचा हुकूम थांबविण्याची शक्ति त्यांच्यापाशीं आली. इ. स. पूर्वी ४५० च्या सुमारास कायदे बारा पाट्यांवर लिहून भर चौकांत लावण्यांत आले.

ते कायदे सौम्य होते असें नव्हे. ऋणकोस बेड्या घालण्याची त्यांत मुभा होती, उभय वर्गांच्या विवाहास बंदी होती, आणि गुलामांस तर कोणीच विचारीत नव्हतें. तथापि विवाहबंदी इ. स. पूर्वी ४४५ मध्यें उठली, आणि ३६७ च्या कायद्यानें कॉन्सलपद प्लीबियनांस खुलें झालें. लिहिलेला अन्याय दाखवितां येत होता, आणि दाखविणाऱ्याच्या हातीं साधन होतें.

सुमारें इ. स. १२६५ मध्यें यादव महादेवानें शेवटचा शिलाहार राजा सोमेश्वर याचा पराभव केला. घराणें संपलें आणि त्याबरोबर राज्यहि संपलें. अंबरनाथचें देऊळ मात्र राहिलें. रोममध्यें राजे गेल्यावर राज्य अधिकच वाढलें, कारण तें घराण्याचें राहिलें नव्हतें.

या ठाण्यांत इ. स. १९८२ पासून महानगरपालिका आहे. तिचे ठराव, जमाखर्च व सूचना छापल्या जातात. आपण त्या वाचून जाब विचारला नाहीं, तर शिलाहारांच्या पौरजनांप्रमाणें आपणहि नुसतें 'विदित' झालेले नागरिकच राहूं.